अक्काच्या दारातला येडा लिंब

आमच्यात मुलीच्या पलंगाचं लाकूड विकत आणत नाहीत. भांडी बाजारातून आणा, कपाट लोखंडी द्या, गादी आळंदच्या दुकानातून घ्या, कुणी काही बोलणार नाही. पलंग मात्र माहेरच्या दारातल्या झाडाचा पाहिजे. म्हणजे मुलगी कुठंही गेली तरी माहेरच्या सावलीत झोपते, अशी समजूत. आमची जुनी माणसं मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायची. तेव्हा ना दार होतं ना पलंग. मग ही रीत आली कुठून, मला माहीत नाही. एका जागी बसलं की माणसाला रीती फार लवकर सुचतात.

आमच्या दारात पलंगाजोगं झाड नव्हतं. एक लिंब होता, पण त्याच्या बुडाशी शेंदूर फासलेले दगड होते आणि त्याला कुऱ्हाड लावायची कुणाची छाती नव्हती. माझ्या लग्नाचा पलंग झाला तो समोरच्या अक्काच्या दारातल्या झाडाचा, आणि ते झाड तिला न विचारता पाडलं. हे आधीच सांगून टाकते. आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, मग तुम्हालाच उगाच ताटकळत कशाला ठेवायचं?

अक्का नात्याची नव्हे. गल्लीतली सगळीच तिला अक्का म्हणायची, माझे वडील अप्पासुद्धा. गाव आमचं कर्नाटकात, मादन हिप्परग्याच्या पुढं. तिच्या आणि आमच्या दारामध्ये बैलगाडी जाईल एवढीच वाट. बाकीच्यांच्या घरांवर माळवद किंवा शहाबादी फरशी होती, तिच्या घरावर पत्रे. उन्हाळ्यात आत भाकरी थापून ठेवली तर चुलीची गरज न्हाई, असं ती स्वतःच म्हणायची आणि स्वतःच हसायची.

तिचा नवरा कालव्याच्या कडेनं झाडं लावायच्या कामाला रोजानं जायचा. काम संपलं तेव्हा उरलेलं एक रोप त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरी आणलं. बकाणाचं होतं. कानडीत त्याला हुच्चबेवु म्हणतात, म्हणजे येडा लिंब. पान लिंबासारखं, पण लिंबाचा गुण एकही नाही. फळं तोंडात घालायची नाहीत, पाडव्याला त्याचा मोहोर गुळात घालायचा नाही. येडं त्याला म्हणतात ते वाढण्यावरून. पहिल्या पावसाळ्यात ते माझ्या कमरेला आलं, दुसऱ्या वर्षी पत्र्याच्या वर गेलं. गल्लीतली माणसं अक्काला चिडवायची, येड्या लिंबाखाली बसणारं येडं होतंय म्हणून. ती म्हणायची, "शाण्यांनी तुमी तुमच्या घरात उकडून घ्या."

तिसऱ्या-चौथ्या वर्षी फागणात त्याला फुलं आली. बारीक, फिकट जांभळी, घोसच्या घोस. संध्याकाळी गल्लीभर गोडसर वास यायचा. मग हिरवी फळं, मग पिवळी. त्यांच्या बियांना मधोमध आपसूक भोक असतं, त्यामुळं सुई लागत नाही, नुसता दोरा घातला की माळ होते. अशा माळा घालून मी शाळेत जायची. गंमत म्हणजे झाडाची पानं थंडीत झडायची, तेव्हा अक्काच्या दारात ऊन यायचं, आणि उन्हाळा लागला की पुन्हा गच्च सावली. ती सावली सकाळी तिच्या दारात असायची आणि दुपार कलली की वाट ओलांडून आमच्या उंबऱ्यावर यायची. दुपारचं निवडणं-टिपणं आम्ही सगळं त्या सावलीत केलं. उधारीची सावली असं कुणाला वाटलं नाही. सावली कुणी मोजून देत-घेत नाही.

त्या काळात गल्ली हळूहळू रिकामी व्हायला लागली. कुणी हैदराबादला, कुणी सोलापूरला, बरेचसे पुण्याला. तिथं इमारतींवर इमारती उठत होत्या आणि आमच्याकडचे मुकादम माणसं न्यायला जीप घेऊन यायचे. एका दिवाळीनंतर अक्का आणि तिचा नवराही गेले. मूलबाळ नव्हतं, त्यामुळं बांधाबांध एका सकाळीत झाली. दाराला कुलूप लावून ती आमच्याकडं आली आणि मला म्हणाली, "पोरी, पाण्याचं तेवढं बघ. घराचं काय, पडलं तर पडंल. झाड जगलं पायजे."

मी पाणी घातलं. भांडी घासलेलं, धुण्याचं, आंघोळीचं, जे असेल ते. खरं तर त्या झाडाला तोवर माझ्या पाण्याची फारशी गरज उरली नव्हती, पण मला सांगितलं होतं म्हणून मी घालत होते आणि सगळ्यांना दाखवून घालत होते. शहाणी पोरगी म्हणून मिरवायची हौस मला लहानपणापासून होती.

अक्का उन्हाळ्यात जत्रेला यायची. बसमधून उतरली की आधी घराचं कुलूप काढायची नाही. बाज झाडाखाली ओढायची, पदर तोंडावर घ्यायची आणि झोपायची. उठली की मग चहा. "पुण्यात दुसऱ्याचे स्लॅब टाकायलोत अन् पत्र्याच्या खोलीत ऱ्हायलोत," ती अव्वाला सांगायची. अव्वा म्हणजे माझी आई. "तिथं झोप म्हणून न्हाई. इथं आलं की डोळा लागतोय." तिच्या नवऱ्याच्या डोक्यात वेगळंच होतं. तो झाडाच्या बुंध्यावर थाप मारून म्हणायचा, "याची दारं-खिडक्या हुतेत बघ." त्यावर अक्काचं ठरलेलं उत्तर होतं. "मी मेल्यावर तोडा. तवर हात लावायचा न्हाई."

हे उत्तर अप्पांनी ऐकलेलं होतं. एकदा नव्हे, दर उन्हाळ्यात. मी हे मुद्दाम लिहिते आहे.

मला बघायला बसवकल्याणची माणसं आली तेव्हा फागण होता आणि बकाण फुललेला होता. मुलाचं सायकलचं दुकान होतं, स्टँडजवळ. आमच्या मानानं स्थळ मोठंच. पाहुणे आमच्या ओसरीवर बसले, तोंड अर्थातच वाटेकडं, म्हणजे अक्काच्या दाराकडं. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा बोलणी निम्म्यावर आली होती. मुलाची आई म्हणाली, "पलंगाचं कसं करायलाव?"

अप्पा म्हणाले, "करूत की. काळजी नको."

"दारातलं लाकूड पायजे बरं. आमच्यात लई बघतेत."

मुलाच्या वडिलांनी समोर बोट केलं. "हेच न्हव का झाड? ब्येस हाय की. सरळ हाय."

अप्पांनी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. त्यांनी समोर बघितलं, जणू झाड आजच उगवलंय, आणि पाहुण्यांना सुपारी दिली. मी कप ठेवत होते. बघायला आलेल्या मुलीनं खाली बघायचं असतं, म्हणून मी खाली बघितलं. एरवी ही रीत मला जाचायची, त्या दिवशी सोयीची वाटली.

पाहुणे गेल्यावर अव्वानं भांडण काढलं. "लोकाच्या झाडावर तुमी सोयरीक जमवायलाव," ती म्हणाली.

"पाणी कुणी घातलं इतकी वरसं?" अप्पा म्हणाले. "आपल्या पोरीनं. सावली कुणाच्या दारात पडायलीय? आपल्या. मग लोकाचं कसं?"

"अक्काला निरोप तरी द्या."

"देतो की. पुण्याला जाणाऱ्याच्या हातानं देतो."

त्यांनी दिली ती नुसती लग्नाची पत्रिका. झाडाचं एक अक्षर त्यांनी कुणाच्या हाती धाडलं नाही, हे मला फार उशिरा कळलं. अप्पा लबाड माणूस नव्हते. आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावरची काडी त्यांनी उचलली नाही. पण एकदा पाहुण्यांसमोर गप्प बसले आणि त्या गप्प बसण्याला जागले. माघार घेतली असती तर सोयरीक मोडली असती, आणि मोडलेल्या सोयरिकीची मुलगी आमच्या भागात कशी दिसते ते त्यांना माहीत होतं. माझ्यासाठीच केलं त्यांनी. त्यामुळं मला त्यांच्यावर धड रागावताही आलं नाही.

झाड पाडलं तेव्हा त्याच्यावर अजून फुलं होती. सुतारानं दोन माणसं आणली होती. वरून फांद्या उतरवल्या, मग करवत लावली. गल्लीतलं कुणी काही बोललं नाही, पण कुणी मदतीलाही आलं नाही, आणि आमच्याकडं कुणाचं साधं छप्पर उतरवायचं असलं तरी दहा जण धावतात. मला दारातून दिसत होतं. झाड आडवं झालं आणि आमचं घर एकदम उजेडात आलं. अंगावरचा पदर कुणी ओढावा तसं वाटलं मला. त्या उन्हाळ्यात दुपारी पहिल्यांदा ऊन उंबरा ओलांडून आत आलं, पार माठापर्यंत. अव्वानं माठ उचलून कोपऱ्यात नेला. वाटेवर जांभळी फुलं पसरली होती, ती मी झाडून काढली. कुणी सांगितलं नव्हतं. पाहुणा येण्याआधी घर झाडतात तसं मी घाईघाईनं झाडत होते, कोण येणार हे माहीत असल्यासारखी.

ती आली लग्नाच्या दिवशी सकाळी. सोलापूरहून बस, आळंदवरून टमटम. मला हळद लागली होती, हळदीच्या अंगानं नवरीनं उंबरा ओलांडायचा नाही, म्हणून मी दाराआडून बघत होते. तिच्या कमरेवर नवाकोरा स्टीलचा हंडा होता, माझ्यासाठी आणलेला. गल्लीच्या तोंडाशी ती थांबली. एकदा मागं वळून बघितलं, जणू चुकीच्या गल्लीत शिरली. मग सावकाश चालत स्वतःच्या दारापर्यंत आली आणि बुडख्यापाशी उभी राहिली. बुडखा गुडघ्याएवढा ठेवला होता, वर करवतीच्या खुणा अजून ताज्या.

अव्वा लगबगीनं पुढं गेली. "आलीस व्हय अक्का. एकटीच? चहा घे आदी."

"त्येंचं काम चालू हाय," अक्का म्हणाली. "झाड?"

"चहा घे," अव्वा म्हणाली.

अक्कानं मांडवाकडं बघितलं. मांडवात माझं आंदण मांडलं होतं. कपाट, भांड्यांची उतरंड आणि मधोमध पलंग, त्यावर गादी, गादीवर आरसा. नवं लाकूड लालसर दिसत होतं. बायका हात लावून बघत होत्या. आणखी काही सांगायची गरज उरली नाही. अक्कानं हंडा अव्वाच्या हातात दिला, पदर सारखा केला आणि बुडख्यावर बसली.

आधी वाटलं, दमली असेल, टेकली. पण ती उठेना. दिवस वर आला. चैत्रातलं आमच्याकडचं ऊन काय असतं ते ज्याचं त्याला ठाऊक. वऱ्हाड आलं, वाजंत्री आली, अक्का तिथंच. अंगावर तिची ठेवणीतली जरीची साडी होती आणि ती भर उन्हात, मांडवापासून चार हातांवर, ताठ बसली होती. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण आमच्यात रोजचं, ते मिटवायला माणसंही तयार असतात. हिला काय म्हणायचं? पाहुण्यांतल्या बायका विचारायला लागल्या, ही कोण, अशी उन्हात कामून बसलीय. आमच्या गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून म्हणायच्या, शेजारीण हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथं मूठ सगळ्यांसमोर उघडी पडली होती आणि आम्ही ती झाकल्याचं सोंग करत होतो.

अक्षतांची वेळ झाली तसे अप्पा छत्री घेऊन तिच्याकडं गेले. डोक्याला फेटा, कपाळाला गंध. छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरली.

"छत्री कशाला?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी माज्या दारात बसलेय."

"ऊन लागायलंय अक्का."

"लागणारच की."

इकडं भटजी हाका मारत होते, मुलीच्या बापाला बोलवा म्हणून. अप्पा हलेनात. मुलीचा बाप, फेटा बांधलेला, वऱ्हाडासमोर छत्री धरून उभा. छत्रीची काळी सावली अक्काच्या मांडीपुरती पडली होती आणि ते स्वतः उन्हात. शेवटी तीच म्हणाली, "जावा. पोरीच्या अक्षता पडायलेत." तेव्हा ते आले. छत्री तिथंच ठेवली, ती वाऱ्यानं गडगडत वाटेच्या कडेला गेली. कुणी उचलली नाही.

अंतरपाट दूर झाला तेव्हा मी नवऱ्याकडं बघायला पाहिजे होतं. माझी नजर गेली त्याच्या खांद्यावरून पलीकडं. अक्का उठून उभी राहिली होती. सगळ्यांबरोबर तिनंही अक्षता टाकल्या, तिथूनच. माझ्यापर्यंत त्या पोचल्या नाहीत, वाटेतच पडल्या. पण टाकल्या तिनं. मला इतकी लाज वाटली की हार घालताना माझे हात वर होईनात. बायका म्हणाल्या, लाजायलीय पोरगी. खरंच होतं ते.

जेवायला ती बसली नाही. जाताना मात्र मांडवात आली, पलंगापाशी थांबली आणि कडेच्या लाकडात अंगठ्याचं नख रुतवून बघितलं. "ओलं हाय अजून," एवढंच म्हणाली, आणि बससाठी गेली. घराचं कुलूप तिनं काढलंसुद्धा नव्हतं.

ओलंच होतं. घाईत पाडलेलं, घाईत रंधा मारलेलं लाकूड पावसाळा सरेपर्यंत पिळलं. पलंगाचा एक पाय वर उचलला गेला, सांधे सुटले, कड तडकली. कूस बदलली तरी कुरकुर. सासू म्हणायची, "हिच्या माहेरची सावली लईच बोलतीय बाई." सगळी हसायची, मीही हसायची. नवऱ्यानं पायाखाली वीट घातली. तो बिचारा म्हणायचा, विकून टाकू, लोखंडी घेऊ. मी नाही म्हणायची. कारण विचारलं की माहेरची आठवण म्हणायची. तडकलेल्या कडेवर नखाची खूण राहिली होती, चादर घालताना रोज माझं बोट तिच्यावर जायचं. माहेरची सावली म्हणून जे दिलं होतं ते दुसरीचं ऊन होतं, आणि मी त्यावर झोपत होते, बाळंतपणसुद्धा त्याच्यावरच काढलं. हे नवऱ्याला मी आजही सांगितलेलं नाही.

अक्का त्यानंतर जत्रेला आली नाही. कोणत्याच वर्षी नाही. तिकडं तिचा नवरा गेला, तेही आम्हाला दुसऱ्यांकडून कळलं. पत्रे वाऱ्यानं उडाले, भिंतीवर गवत आलं. गल्लीतले म्हणायचे, अक्का आता पुण्याचीच झाली. मला मात्र वाटायचं, कशाला येईल? झोपायला जागा कुठं ठेवली आम्ही?

पण बकाण येडा तो येडाच. पहिल्याच पावसाळ्यात बुडख्याला धुमारे फुटले. अव्वानं मला सांगितलं ते असं. अप्पांनी त्यातला एक सरळ धुमारा राखला, बाकीचे काढले, शेरडांच्या तोंडी लागू नये म्हणून भोवती बाभळीची काटी लावली. आणि रोज सकाळी आपल्या आंघोळीच्या आधी एक बादली पाणी वाट ओलांडून तिथं घालायला लागले. पाणी घालून झालं की रिकामी बादली घेऊन थोडा वेळ तिथं उभे राहायचे. झाड मोठं झालं, पुन्हा फुललं, दुपारची सावली पुन्हा आमच्या उंबऱ्यावर आली, तर अप्पांनी आपली बाज घराच्या मागं नेली. मरेपर्यंत ते मागंच झोपले. मी एकदा म्हटलं, "अप्पा, पुढं वारं हाय." ते म्हणाले, "असू दे."

अप्पा गेल्यावर मग अक्का आली. कायमची आली असं कळलं. गुडघ्यांनी काम होईना म्हणून. नव्या पत्र्यांची एक खोली तिनं उभी केली होती. मी माहेरी गेले ते उन्हाळ्यातच, मुलीला घेऊन. गल्लीत शिरले तर अक्का त्याच बुडख्यावर बसलेली, आणि त्याच बुडख्यातून निघालेलं झाड तिच्या डोक्यावर गच्च. माझी मुलगी हात सोडवून पळाली आणि खाली पडलेल्या जुन्या बिया वेचायला लागली. मी सावलीच्या कडेला थांबले.

"कोण, तू व्हय?" अक्का म्हणाली. "ये की. उन्हात कामून उभारलीस?"

"इथंच बरं हाय अक्का."

"तुजा बाप बी उन्हातच उभारायचा म्हनं. पाणी घालायचा अन् उभारायचा." तिनं बुंध्याला हात लावला. "मी सांगितलं न्हवतं त्याला."

मला बोलायचं होतं. इतक्या वर्षांत मनात किती वेळा बोलून झालं होतं. पण समोर ती, वर झाड. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

अक्कानं माझ्या मुलीकडं बघितलं. "ही तुजी? कितवं वरीस?"

"सातवं सरायलंय."

तिनं मान वर केली. बुडापासून शेंड्यापर्यंत झाडावरून नजर नेली, मग सावकाश खाली आणली. बाजारात लाकूड बघणारा माणूस बघतो तसं. मग पुन्हा मुलीकडं बघितलं.

"मग हाय अजून टाईम," ती म्हणाली. "तवर बसते मी."

ती हसली नाही, रागावलेलीही नव्हती. मी मुलीला हाक मारली. तिनं ओंजळ वर करून मला बिया दाखवल्या, आणि अक्काच्या पायाशी तशीच बसून राहिली.